रेगन नट होता म्हणून जिंकला का? झाडीपट्टीतल्या एका कलावंताला उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीवर सहा हंगाम काढलेत, वडशाच्या कंपनीत खलनायक करता. आता गावातले चार जण म्हणतात, जिल्हा परिषदेला उभे राहा. त्यात काकांनी भर घातली की अमेरिकेत रेगन नावाचा सिनेमातला नट दोनदा राष्ट्राध्यक्ष झाला, मग तुला एक सर्कल, म्हणजे जिल्हा परिषदेचा एक मतदारसंघ, काढता येत नाही का? तर रेगन नट होता म्हणून जिंकला का, आणि तुमच्या नटपणाचा तुम्हाला किती उपयोग, हे तुम्हाला हवंय.

मी नागपुरात अठ्ठावीस वर्षं लोकांना बोलायला शिकवतो. त्याआधी रेडिओवर नाटकं केली, धनवटे रंगमंदिराच्या विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग केलं. डिसेंबरात अधिवेशन लागलं की माझ्याकडे वर्दळ वाढते. नगरसेवक होऊ पाहणारे तर बारमाही. रेगनचं राजकारण मला पटतं म्हणून मी त्याच्याकडे पाहत नाही. त्याचं अर्थकारण मला आजही गळी उतरत नाही. पण माझ्या धंद्यातल्या माणसाने अभ्यास करावा असा तो गडी होता, आणि काकांनी त्याची जी गोष्ट सांगितली ती उलटी सांगितली.

आपल्याकडच्या एम. जी. रामचंद्रन किंवा एन. टी. रामारावांशी त्याची तुलना करू नका. रामारावांनी १९८२च्या मार्चमध्ये पक्ष काढला आणि जानेवारी १९८३मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पडद्यावरचा राम-कृष्ण लोकांनी मनात आधीच बसवून ठेवला होता, मतपेटीपर्यंत तो आपल्या पायांनी चालत गेला. रेगनकडे असलं काही नव्हतं. तो राजकारणात उतरला तेव्हा त्याचा सिनेमा संपल्यात जमा होता. शेवटच्या सिनेमात तर तो तुमच्यासारखाच खलनायक होता. तो गव्हर्नरपदाला (तिकडे गव्हर्नर निवडून येतो, आपला मुख्यमंत्रीच म्हणा) उभा राहतोय हे ऐकून त्याच्या जुन्या स्टुडिओचा मालक म्हणाला होता म्हणे, ‘छे, गव्हर्नर जेम्स स्ट्युअर्ट, रेगन फार तर त्याचा मित्र!’ स्ट्युअर्ट म्हणजे तेव्हाचा बडा नायक. किस्सा खरा असो-नसो, सिनेमावाल्यांच्या लेखी त्याची पायरी कोणती होती ते त्यात कळतं.

मूळ माणूस इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको या खेड्यातला, जन्म ६ फेब्रुवारी १९११. बाप चपला-बूट विकायचा आणि दारू प्यायचा. आई चर्चमध्ये नाट्यवाचनं करायची, म्हणजे पहिली तालीम घरातच झाली. पुढे डिक्सन गावी नदीवर जीवरक्षक म्हणून सात उन्हाळे काम केलं आणि ७७ माणसं बुडताना वाचवली, असा त्याचा हिशेब. १९३२ला कॉलेज संपलं तेव्हा मंदी ऐन भरात होती. बापाला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या योजनेत काम मिळालं आणि पोरगा रूझवेल्टचा भक्त झाला. हे लक्षात ठेवा. पुढे ‘सरकार हाच प्रश्न आहे’ म्हणणाऱ्या या माणसाच्या घरी मंदीत चूल पेटली ती सरकारी कामामुळे.

आता रेडिओ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा माझा प्रांत. आयोवातल्या डे मॉइन शहरात तो स्टेशनवर बेसबॉलची कॉमेंट्री करायचा. पण मैदान होतं शिकागोत, तीनशे मैलांवर. आपले बाळ ज. पंडित मैदानात बसून, चेंडू डोळ्यांनी पाहून बोलायचे. हा स्टुडिओत बसायचा. तारेवरून त्रोटक खुणा यायच्या, तारबाबू काचेपलीकडून चिठ्ठी सरकवायचा, आणि त्या दोन-तीन अक्षरांवरून हा ऊन, धूळ, प्रेक्षकांचा गलका, खेळाडूने टोपी नीट केली, असं सगळं उभं करायचा. एकदा ऐन खेळात तार बंद पडली. ‘तार तुटली’ असं म्हणावं तर ऐकणारे दुसऱ्या स्टेशनवर जाणार. मग त्याने काय केलं, तर फलंदाजाला वाया जाणारे फटके मारायला लावले. एकामागून एक. सहा-सात मिनिटं! मध्ये गर्दीतल्या पोरांची चेंडूवरून झालेली मारामारीही सांगितली. तार सुरू झाली तेव्हा कळलं, फलंदाज पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता.

हा किस्सा तो आयुष्यभर हसत सांगायचा. तुम्ही झाडीपट्टीवाले, तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. हंगामात पाठांतराला वेळ नसतो, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. त्याचा आवाज माइकच्या खरखरीत बुडाला की खलनायक दोन मिनिटं नुसता हसतो आणि मिशीला पीळ देतो. रात्री दोन वाजताही पेंडॉल उठू द्यायचा नाही, ही कला तुमच्याकडे आहे. पण याच कलेत एक रोग दडलाय, त्याच्याकडे मी नंतर येतो.

१९३७ला बेसबॉल संघाच्या सरावासोबत कॅलिफोर्नियाला गेला, स्क्रीन टेस्ट दिली, वॉर्नर ब्रदर्सने आठवड्याला दोनशे डॉलरवर घेतला. पन्नासच्या वर सिनेमे केले. लोकांच्या लक्षात राहिले दोन: १९४०मधला मरणाच्या दारातला फुटबॉलपटू आणि १९४२मधला, शुद्धीवर येऊन आपले पाय कापलेले पाहणारा तरुण. मग महायुद्ध आलं. डोळे अधू, त्यामुळे आघाडीवर न जाता कॅलिफोर्नियातच लष्करासाठी सिनेमे केले. परत आला तोवर गाडी निघून गेली होती. नटी जेन वायमनशी झालेलं लग्न मोडलं. तिला ऑस्कर मिळालं, याला कामं मिळेनात. १९५२ला नॅन्सी डेव्हिसशी लग्न केलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

पण याच पडत्या काळात तो नटांच्या युनियनचा अध्यक्ष झाला, १९४७ ते ५२, आणि पुन्हा १९५९ला. काका हे सांगत नाहीत, कारण यात चमचम नाही. स्टुडिओच्या मालकांसमोर टेबलाच्या अलीकडे बसून रात्र-रात्र वाटाघाटी करायच्या, कुठे ताणायचं, कुठे सोडायचं हे शिकायचं. १९६०च्या संपात त्याने टीव्हीवर पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या सिनेमांचे पैसे आणि पेन्शन-आरोग्य निधी मिळवला. बदल्यात १९६०च्या आधीच्या सिनेमांवरचा हक्क सोडून दिला, त्याबद्दल कित्येक जुने नट त्याला अखेरपर्यंत शिव्या देत राहिले. पुढे सोव्हिएत नेता गोर्बाचेव्हसमोर बसला तेव्हा ही सवयच कामी आली, असं माझं मत. याच युनियनमध्ये कम्युनिस्टांशी त्याचं वाजलं, एफबीआयला तो माहिती पुरवू लागला, १९४७ला संसदेच्या समितीसमोर साक्षही दिली. डावीकडून उजवीकडचं वळण तिथे सुरू झालं.

आता मुख्य गोष्ट. १९५४ ते १९६२ अशी आठ वर्षं तो जनरल इलेक्ट्रिक कंपनीचा चेहरा होता. रविवारी रात्री टीव्हीवर कंपनीच्या नाट्यमालिकेचं निवेदन करायचं आणि उरलेल्या वेळात कंपनीच्या कारखान्यांतून फिरायचं, असा करार. विमानाची भीती, म्हणून प्रवास रेल्वेचा. सव्वाशेच्या वर कारखाने, अडीच लाखांच्या आसपास कामगार. डोळ्यांपुढे आणायचं तर असं आणा: हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळी सुटताना गेटवर उभं राहायचं, तिथून अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, संध्याकाळी रोटरीवाल्यांसमोर, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी. हे आठ वर्षं.

सुरुवातीला तो सिनेमाच्या गमती सांगायचा. अमुक नटी प्रत्यक्षात कशी दिसते, वगैरे. मग लोक प्रश्न विचारायचे. त्या प्रश्नांतून त्याला कळत गेलं की कामगाराला नटीपेक्षा कापला जाणारा कर जास्त सलतो, सरकारी बाबूचा ताठा सलतो. तो गाडीत बसून कार्डांवर लिहायचा. एक किस्सा हशा घेऊन गेला की ठेवायचा, पडला की खोडायचा. रातोरात मतांतर झालं नाही. समोर बसलेल्यांनी त्याला घडवला आणि त्याने आपल्या तर्काने त्यांना. कंपनीची हवाही उजवी होती, सासराही तसाच, आणि नट म्हणून वरच्या कमाईवर त्याने स्वतः नव्वद टक्क्यांच्या पुढचा कर भरला होता. १९६२ला त्याने कागदोपत्री पक्ष बदलला, डेमोक्रॅटचा रिपब्लिकन झाला, तोवर भाषण केव्हाच बदललेलं होतं.

२७ ऑक्टोबर १९६४ला रिपब्लिकनांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर याच्या प्रचारासाठी तो टीव्हीवर अर्धा तास बोलला. गोल्डवॉटर सपाटून पडला, पण भाषण गाजलं आणि पक्षाकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. वर्तमानपत्रवाल्यांना वाटलं, नटाने एका रात्रीत कमाल केली. अहो, ते भाषण त्याने शेकडो वेळा करून झालेलं होतं! फक्त शेवटचा प्रयोग टीव्हीवर झाला.

दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाचं गव्हर्नरपद. समोर दोन वेळा निवडून आलेला पॅट ब्राउन. ब्राउनच्या लोकांनी तेच केलं जे तुमचे विरोधक करतील, ‘हा तर नाटक्या’ म्हणून हिणवलं. प्रचारपटात ब्राउन शाळकरी पोरींना सांगताना दिसतो, की मी एका नटाविरुद्ध लढतोय, आणि लिंकनला कुणी गोळी घातली ठाऊक आहे ना? (लिंकनचा मारेकरी नट होता.) ते अंगाशी आलं. रेगनने काय केलं ते बघा. ‘हा पाठ केलेलं बोलतो’ हा आरोप त्याने तोंडाने खोडलाच नाही. भाषण छोटं केलं आणि उरलेला वेळ प्रश्नांना दिला. प्रश्न काही पाठ करून येत नाहीत! राज्याच्या कारभाराबद्दल त्याला ढिम्म माहिती नव्हती, म्हणून सल्लागारांनी विषयवार टिपणं करून दिली, ती तो घोकत बसला. कसले गव्हर्नर व्हाल असं विचारलं तर म्हणाला, ‘काय माहीत, गव्हर्नरची भूमिका कधी केली नाही.’ स्वतःवर आधी हसून घेतलं की दुसऱ्याला हसायला काही उरत नाही. ब्राउन जवळपास दहा लाख मतांनी पडला.

आठ वर्षांची गव्हर्नरी एका दमात सांगतो. कर कमी करीन म्हणून आला आणि पहिल्याच वर्षी राज्याच्या इतिहासातली मोठी करवाढ केली, कारण तिजोरी रिकामी होती. गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर १९६७मध्ये सही केली, पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. बर्कलेच्या विद्यार्थ्यांवर १९६९ला नॅशनल गार्डचे सैनिक घातले. १९७६ला आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्ष फोर्डविरुद्ध उमेदवारी मागितली आणि पक्षप्रतिनिधींच्या ११८७ विरुद्ध १०७० मतांनी गमावली. त्यानंतर घरी नाही बसला. रोजचं छोटं रेडिओ भाष्य करत राहिला, हजाराच्या वर, त्यातलं पुष्कळसं स्वतःच्या हाताने लिहिलेलं. पडल्यावर माणूस काय करतो, यावरून मी उमेदवार ओळखतो.

१९८०ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्यासमोरच्या वादसभेत त्याने शेवटी एकच प्रश्न मतदारांना टाकला: चार वर्षांपूर्वी होतात त्यापेक्षा आज तुमचं बरं चाललंय का? मी हा प्रश्न शिकवणीत दरवर्षी वापरतो. त्यात एकही आकडा नाही, आश्वासन नाही, विरोधकाचं नावसुद्धा नाही. उत्तर ऐकणाऱ्याच्या खिशात असतं. ५० राज्यांपैकी ४४ त्याला गेली. १९८४ला ४९.

३० मार्च १९८१ला गोळी लागली. ऑपरेशन टेबलावर डॉक्टरांना म्हणाला, तुम्ही सगळे रिपब्लिकन असाल अशी आशा आहे. लोक म्हणतात, हा अभिनय. छातीत गोळी असताना अभिनय होत नाही हो. तालीम मात्र आतपर्यंत मुरलेली असते. १९८४ला पहिल्या वादसभेत तो अडखळला, वय दिसलं. ७३ वर्षांचा होता. दुसऱ्या सभेत वयाचा प्रश्न आलाच, तर म्हणाला, मी प्रतिस्पर्ध्याचं तारुण्य आणि अननुभव यांचं भांडवल करणार नाही. प्रतिस्पर्धी मॉन्डेल स्वतः हसला आणि निवडणूक तिथे आटोपली.

कारभार? नटांच्या युनियनचा हा माजी अध्यक्ष १९८१ला संपावर गेलेल्या अकरा हजारांवर हवाई नियंत्रकांना कामावरून काढून मोकळा झाला, आणि त्यांच्या युनियनने निवडणुकीत त्यालाच पाठिंबा दिला होता. वरचा आयकर ७० टक्क्यांवरून शेवटी २८वर आणला. महागाई उतरली, पण १९८२ला बेकारी दहा टक्क्यांच्या पुढे गेली आणि आठ वर्षांत देशाचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं. एड्सच्या साथीवर वर्षानुवर्षं गप्प राहिला. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाचं गप्प बसणं मला जास्त खुपतं. दुसऱ्या बाजूला, ज्या सोव्हिएत युनियनला ‘दुष्ट साम्राज्य’ म्हटलं त्याच्याच नेत्याबरोबर डिसेंबर १९८७मध्ये मध्यम पल्ल्याची अण्वस्त्रं मोडीत काढण्याचा करार केला. त्याच्या पक्षातले कडवे तेव्हा त्याच्यावर उखडले होते.

तंत्राचं एक गुपित सांगून टाकतो. त्याला लांबचं दिसत नसे, कॉन्टॅक्ट लेन्स लावायचा. भाषणाआधी एक लेन्स काढून ठेवायचा. एका डोळ्याने कार्ड वाचायचं, दुसऱ्याने माणसं बघायची. कार्डांवरही शब्द तोडून लिहायची त्याची स्वतःची लिपी होती. मान खाली जात नाही, आणि समोरच्याला वाटतं हा माझ्याशीच बोलतोय.

आता तो रोग. बंद पडलेल्या तारेचा.

गोष्ट रंगली की खरीच वाटू लागते, आधी सांगणाऱ्यालाच. १९८३ला शौर्यपदक विजेत्यांच्या सभेत त्याने एक प्रसंग सांगितला: विमान कोसळतंय, जखमी पोराला उडी मारता येत नाही, कप्तान म्हणतो, चल बाळा, आपण दोघं मिळून खाली जाऊ. मरणोत्तर पदक मिळालं, असंही सांगितलं. एका पत्रकाराने महायुद्धातली सगळी पदकं तपासली, असं एकही सापडलं नाही. १९४४च्या एका सिनेमात मात्र तसाच प्रसंग आहे. तसंच १९७६च्या प्रचारातलं, ८० नावांनी सरकारी मदत लाटून वर्षाला दीड लाख डॉलर कमावणाऱ्या बाईचं. बाई खरी होती, लबाडही होती. कोर्टात शाबीत झालं ते दोन खोट्या नावांवर, आठ हजार डॉलरच्या आसपास. उरलेलं व्यासपीठावर वाढलं, आणि त्या वाढीव गोष्टीचं ओझं खरोखरच गरजू असलेल्या लाखो बायांच्या डोक्यावर बसलं. इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं प्रकरण निघालं तेव्हा, मार्च १९८७मध्ये, तो टीव्हीवर म्हणाला की ओलिसांच्या बदल्यात शस्त्रं दिली नाहीत असं माझं मन अजून सांगतं, पण पुरावे सांगतात की दिली. कबुलीची ही तऱ्हा नटालाच सुचावी. मन खोटं बोलत नव्हतं, त्याला तार तुटल्याचं कळलंच नव्हतं.

माझ्याकडे एक उमेदवार यायचे. गोष्ट अशी सांगायचे की सांबारवडी हातात तशीच राहून जावी. एका सभेत त्यांनी एका शेतकऱ्याची आत्महत्या सांगितली, बाया रडल्या. तपशील त्यांनी दोन वेगवेगळ्या घरांचे मिसळले होते. सभेत त्यातल्या एका घरचा पुतण्या बसला होता. तो उठून काही बोलला नाही, नुसता निघून गेला आणि त्याच्यामागे अख्खी रांग उठली. अमेरिका मोठी आहे हो, तिथे अशी गोष्ट खपून जाते. तुमच्या सर्कलमध्ये प्रत्येक गोष्टीचा पुतण्या समोर बसलेला असणार.

म्हणून काकांना सांगा, रेगनला सिनेमाने ओळख दिली, मतं मिळवायला तो कारखान्याच्या गेटवर शिकला. तुमची ओळख मंडईच्या जत्रेत आणि शंकरपटाच्या शर्यतीला झालेलीच आहे. लोक म्हणतील, ‘काऊन बे, आता इथंही नाटक का?’ चिडू नका, खलनायकाचं हसू हसा आणि पुढे बोला. भाषण लिहून घेऊ नका, माझ्याकडूनही नाही. सर्कलमधली गावं धरा, प्रत्येक गावात दहा मिनिटं बोला आणि तासभर प्रश्न घ्या. नाटकाच्या रात्री नव्हे, दिवसा, चेहऱ्याला रंग नसताना. ज्याचं उत्तर येत नाही तो प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासकट वहीत लिहा आणि आठ दिवसांत उत्तर घेऊन त्याच्याच ओसरीवर परत जा. रोवणी, धानाचा बोनस, रानडुकरं, एसटीची वेळ, हेच प्रश्न फिरून फिरून येतील. तिसाव्या गावापर्यंत तुमचं भाषण आपोआप तयार झालेलं असेल, आणि कदाचित आज जे मत छातीठोकपणे मांडता ते बदललेलंही असेल.

होळीनंतर हंगाम संपला की नागपूरला या. ती वही तेवढी आणा. मी दुपारी चारनंतर मोकळा असतो.